गाठोड्याची ठेव

आधीच सांगतो, ही गोष्ट कुणालाही खरी वाटणार नाही. माझा अनुभवच तसा आहे. सत्तर वर्षांत मी ज्या थापा मारल्या त्या लोकांनी मिटक्या मारत गिळल्या, वर 'अजून वाढा' म्हणाले. आणि जी एकच गोष्ट शंभर नंबरी खरी, ती काढली की समोरचा माणूस जांभई दाबत चपला शोधायला लागतो. तेव्हा ज्यांना चपला शोधायच्या असतील त्यांनी आत्ताच शोधाव्यात. जगभर लाखो लोक जो खेळ खेळतात तो पुढं कसा वळावा, हे एका निवृत्त लिफ्ट-मेकॅनिकनं भर सभेत सांगितलं होतं, आणि त्याच्या सख्ख्या साडूनं केसानं त्याचा गळा कापला. तो मेकॅनिक म्हणजे मी. गळा अजून जागेवर आहे, पण आवाज बघा कसा बसलाय.

परवाच्या रविवारी दुपारी तीनला बेल वाजली. दारात मेहुणीची मुलगी. चार जिने चढून आलेली, कारण आमच्या इमारतीची लिफ्ट बंद आहे. यावर कुणी विनोद करू नये, सगळे करून झालेत. ही पोरगी विम्याच्या कंपनीत असते. कुणाचं दुकान जळालं, कुणाची गाडी चोरीला गेली की हिला पाठवतात: जळालं की जाळलं, ते बघून ये. थोडक्यात, लोकांच्या थापा पकडायचा पगार घेते. पण माझं आणि तिचं लहानपणापासून मेतकूट.

"काका, बसायला वेळ नाही," ती चपला न काढताच म्हणाली. "बाबांचा गाठोड्या द्या."

माझी बायको कपड्यांना इस्त्री करत होती, तिनं इस्त्री उभी केली. शेजारचे पोस्टमन, जे दर रविवारी आमचा पेपर आमच्या आधी वाचायला येऊन बसतात, त्यांनी पेपर खाली घेतला.

"गाठोडं?" पोस्टमन म्हणाले. "लाँड्रीचं?"

"जनावर आहे ते," मी म्हणालो. "आणि ते हिच्या बाबांचं नाही, माझं आहे. आणि ते माझ्याकडे नाही, हिच्या बाबांकडे आहे."

"बाबा म्हणाले, काकांकडे आहे, पण मागू नकोस," भाची म्हणाली. "म्हणून मागायला आले."

"चोराच्या उलट्या बोंबा! अजून काय म्हणाला?"

"काहीच नाही. बाबा कधी काही सांगतात का? भिंतीकडे तोंड करून बसलेत. काका, पाच वाजता फाटक बंद होतंय."

"पाचला दोन तास आहेत. बस. माझी गोष्ट दीड तासाची आहे."

"तुमची गोष्ट तीन तासांची असते," बायको म्हणाली, "आणि त्यातले अडीच तास नुसती फोडणी."

भाचीनं घड्याळ बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. काय वाटलं कुणास ठाऊक, चपला काढून बसली. पर्समधून लहानशी डायरी काढून मांडीवर ठेवली. सवय असते, कामाची.

पोस्टमनला काही ठाऊक नव्हतं, म्हणून मुळापासून सुरुवात करावी लागली. खेळाचं नाव 'दावण'. हातात मावेल अशी एक डबी, तिला पडदा आणि बटणं. त्या डबीत एक रान, रानात चित्रविचित्र जनावरं. ती हुडकायची, पकडायची, पाळायची, दुसऱ्याच्या जनावरांशी झुंजवायची. जनावर वाढत वाढत एक दिवस रूप बदलतं, किड्याचा पक्षी होतो, पक्ष्याचा ढग होतो. पहिली दावण आली त्याला पंचवीस वर्षं झाली, त्यानंतर दुसरी, तिसरी, करत करत आत्ता दहावी आली. खोक्यावर पहिल्या दिवसापासून एकच वाक्य छापलेलं: एकही मागं ठेवू नका.

"आणि तुम्ही हे खेळायचात?" पोस्टमन म्हणाले. "या वयात?"

"त्या वयात. पंचेचाळिशी उलटली होती. लिफ्टच्या खाली खड्डा असतो, पोस्टमन. त्यात माणसांच्या हातून निसटलेलं सगळं जाऊन पडतं. किल्ल्या, चष्मे, एकदा तर अख्खी कवळी मिळाली, हसरी. तशीच एक डबी मिळाली. सहा महिने पाटीवर लिहून ठेवलं, कुणी न्यायला आलं नाही. मग साडूनं स्वतःसाठी दुसरी विकत घेतली."

साडू आणि मी एकाच कंपनीत, एकाच जोडीत वीस वर्षं काम केलं. लिफ्टचं काम एकट्यानं होत नाही. बायका सख्ख्या बहिणी आणि नवरे एकाच लिफ्टवर. घरातली भांडणं कामावर न्यायची सोय होती आणि कामावरची घरी. जेवणाच्या सुट्टीत जिथं असू तिथं दोघं डब्या काढायचो. त्या जनावरांची खरी नावं घ्यायची म्हणजे जीभ दातांत अडकायची, म्हणून आम्ही आपली नावं ठेवली. हल्ली खेळालाच नावं ठेवतो, तो भाग वेगळा.

गाठोड्या हे नाव माझं. बांधलेल्या गाठोड्यासारखं जनावर, डोक्यावर गच्च निरगाठ, फडक्याच्या फटीतून लुकलुकणारे दोन डोळे. चावत नाही, आग ओकत नाही, पळताही येत नाही, नुसतं गडगडत जातं. अख्ख्या दावणीत ते एकदाच भेटतं. हातचं गेलं की गेलं. साडूला भेटलं तेव्हा नेमकी लिफ्ट आल्याची घंटी वाजली, तो दचकला, चुकीचं बटण दाबलं आणि गाठोड्या गडगडत झाडीत पसार. आठवडाभर तोंड पाडून बसला होता. माझं मात्र मी पकडलं. आठ महिने पाळलं, भरवलं, आणि इतकं वाढवलं की अजून वाढायला जागा नाही. पण गाठ काही सुटेना.

"का?"

"कारण ती धन्याच्या हातात सुटतच नाही. तीच तर गंमत केली होती बनवणाऱ्यांनी. दोन डब्या वायरनं जोडायच्या, गाठोड्या दुसऱ्याला द्यायचा. दुसऱ्याच्या डबीत त्यानं पाऊल टाकलं रे टाकलं की निरगाठ आपोआप सुटते, आणि आतून असं काही जनावर बाहेर येतं की पडद्यात मावत नाही. त्याचं नाव आम्ही ठेवलं होतं पसारा."

"म्हणजे रजिस्टर पत्र," पोस्टमन खूश होऊन म्हणाले. "दुसऱ्याच्या सहीशिवाय उघडत नाही."

"अगदी. फक्त सही केल्यावर पत्र परत लिहिणाऱ्याला द्यायचं. आणि ते द्यायचंच, असं खेळात कुठं म्हणजे कुठं लिहिलेलं नव्हतं. तेवढं माणसांवर सोडलं होतं."

"तिथंच चुकले," बायको म्हणाली आणि पुन्हा इस्त्री फिरवायला लागली.

आता आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो, ती कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही. लिफ्टची दुरुस्ती करताना एक माणूस वरच्या मशीन रूममध्ये, खटक्यापाशी असतो. दुसरा लिफ्टच्या टपावर उभा असतो, खाली दहा मजले, बाजूला तारेचे दोर. टपावरच्याचा जीव खटकेवाल्याच्या हातात. म्हणून बोलायचं ते टपावरच्यानं, ऐकायचं ते वरच्यानं. शब्दही मोजकेच: 'घे' म्हणजे वर घे, 'दे' म्हणजे खाली दे, आणि 'ठेव' म्हणजे आहे तिथं, आहे तशी, धरून ठेव. 'ठेव' ऐकल्यावर हात जागचा हलवायचा नाही. नाक खाजलं तरी नाही. साडूचं नाक खाजायचंच, पण हात हलला नाही कधी. ते मी नाकारत नाही.

"तर त्या दिवशी," मी म्हणालो, "एका दवाखान्याची इमारत. लिफ्ट सगळ्यात वरच्या मजल्यावर आणून थांबवलेली."

"कितवा मजला?" भाचीनं विचारलं.

"अकरावा. तेवढ्यात वीज गेली. अख्ख्या रस्त्याची गेली. आता येते मग येते, अर्धा तास झाला. टपावरून उतरायचं म्हणजे केवढा उपद्व्याप! मशीन रूमच्या जमिनीला भोकं असतात, त्यातून दोर खाली येतात. त्या भोकातून वरचा माणूस दिसतो. म्हणजे त्याचा एक डोळा दिसतो. तो डोळा म्हणाला, वेळ आहे तर तुझी गाठ सोडवून घेऊ या का?"

"वायर कुठून आली?"

"खिशात असायचीच. चार वायरींचे तुकडे जोडून केलेली, चार हात लांब."

भाचीनं डायरीत काहीतरी लिहिलं. मला बरं वाटलं. आजवर माझी गोष्ट कुणी लिहून घेतली नव्हती.

भोकातून वायर खाली आली. एक टोक वरच्या डबीत, एक टोक टपावरच्या डबीत. काळोखात दोन पडदे उजळलेले. मी गाठोड्या पाठवला, त्याच्या बदल्यात रीत म्हणून एक चिखलातला किडा आला. वर भोकातून उजेडाचा असा काही लोट आला म्हणता! वरून ओरडण्याचा आवाज: "सुटली! सुटली गाठ! अरे बापरे, केवढा हा!" पसारा इतका मोठा होता की त्याचं शेपूट डबीच्या बाहेर येऊन मशीन रूमच्या दाराला लागलं.

"काका."

"बरं, दारापर्यंत नाही. पण डबी गरम झाली होती, हे देवाशपथ."

आणि त्या क्षणी वीज आली. खटका पाडून ठेवायला वरचा माणूस खेळाच्या नादात विसरला होता. खालच्या कुठल्याशा मजल्यावर कुणीतरी बटण दाबून वाट बघत असणार. लिफ्ट एकदम खाली सुटली. वायर ताणली, तुटली, चाबकासारखी तोंडावर बसली. पायाखालचं टप जातंय, बाजूनं भिंत वर पळतेय, हातात धरायला काही नाही. टपावरचा माणूस जिवाच्या आकांतानं ओरडला: "ठेव!"

"आणि?" पोस्टमन पुढं सरकले होते.

"वरच्यानं खटका पाडला. लिफ्ट दीड मजला खाली येऊन उभी राहिली. जीव वाचला."

मी पाणी प्यायलो. बायकोची इस्त्री एकाच शर्टाच्या एकाच बाहीवरून फिरत होती.

"संध्याकाळी हात धुताना मी म्हणालो, आण माझा पसारा. साडू म्हणाला, कसला? म्हटलं, माझं जनावर. तर हसला आणि म्हणाला, तूच ओरडलास ना, ठेव म्हणून? ठेवला! मला वाटलं, मस्करी. दुसऱ्या दिवशी मागितला, तेच उत्तर. आठवड्यानं मागितला, तेच. महिन्यानं मागायचं सोडलं. मरणाच्या दारातून मारलेली हाक, पोस्टमन! मी लिफ्ट ठेव म्हणतोय, आणि हा जनावर ठेव असं ऐकतो. आणि ऐकलं नाही हो, ऐकायचं ठरवलं. कान तेच होते की, वीस वर्षं माझा श्वास ऐकणारे."

हे सांगताना माझा आवाज भरून आला. तो खोटा नव्हता. बाकी काही म्हणा.

"एका खेळातल्या जनावरासाठी?" पोस्टमन म्हणाले.

"जनावराचं काय घेऊन बसलात? ज्याच्या हातात जीव देऊन दहा मजल्यांवर उभं राहायचं, त्याच्या हातात एक गाठोडं सुरक्षित नाही, हे कळल्यावर माणसानं उभं कुठं राहायचं?"

त्यानंतर आमची जोडी फुटली. साडूनं साहेबांकडे जाऊन दुसरा जोडीदार मागून घेतला. बावीस वर्षं आम्ही एकमेकांशी धड बोललेलो नाही. कार्यात भेटतो, एका पंगतीत जेवतो, पण 'मीठ दे' म्हणायचं तर ते दोघी बहिणींमार्फत. दोघींचं टपालखातं झालंय. (पोस्टमन म्हणाले, "आमच्यापेक्षा वेळेवर चालत असेल.")

"आता सभेचं सांगतो," मी म्हणालो. "खरी गोष्ट तिथून सुरू होते."

"पावणेचार झाले," भाची म्हणाली. "पण सांगा."

आठ महिन्यांपूर्वी खेळाच्या कंपनीनं जुन्या खेळाडूंना बोलावलं. दहावी दावण काढायची होती. पंचवीस वर्षांत खेळ तोचतोच झालाय, लोक कंटाळलेत, आता तो कसा बदलावा, हे जुन्या जाणत्यांना विचारायचं ठरलं. मला आणायला काळी लांबलचक गाडी आली. मोठा हॉल, पाचशे माणसं, प्रत्येकाच्या पुढ्यात फुलं.

"काका, तुम्हा दोघांना माझ्याच गाडीतून सोडलं होतं मी," भाची म्हणाली. "एक पुढं बसला, एक मागं. खेळांच्या दुकानाचा वरचा मजला होता. वीस-बावीस खुर्च्या."

"सोडलंस तू. आणायला गाडी आली होती. हॉल आतून मोठा होता."

कंपनीकडून एक बाई आल्या होत्या, खेळाची आखणी करणाऱ्या. हातात वही, डोळ्यांखाली काळं. खरं ऐकायला आलेल्या वाटल्या बिचाऱ्या. म्हणाल्या, मनात असेल ते बोला.

एक बस ड्रायव्हर उठला: "जनावरं वाढवणं बंद करा. बाराशे झाली. मला माझ्या सासरच्यांची नावं आठवत नाहीत, बाराशे कुठली आठवू?" लगेच एक दातांच्या डॉक्टरीण बाई उठल्या: "एकही कमी करायचं नाही! तुम्हीच म्हणालात ना, एकही मागं ठेवू नका? मी पंचवीस वर्षं ठेवलेलं नाही." मग एक शिकाऊ वकील म्हणाला, खेळ फार लाडावलाय, दहा पावलं टाकली की कुणीतरी झाडामागून येऊन सांगतं, हे बटण दाबा, आम्हाला हरू द्या, रस्ता चुकू द्या. कुणी म्हणालं, रान मोकळं सोडा, कुठूनही कुठंही जाता यावं. एक नर्स कोपऱ्यात बसली होती. ती म्हणाली, "माझं पहिलं जनावर पंचवीस वर्षांत एका दिवसानं म्हातारं झालं नाही. मी झाले. त्याला एखादा पांढरा केस तरी द्या. मला एकटं वाटतं."

"आणि मग?"

"मग मी उठलो. म्हणालो, बाई, तुमच्या खेळात देणं आहे, घेणं आहे. ठेवणं नाही."

मी इथं थांबलो. अशा वाक्यानंतर थांबायचं असतं.

"म्हणजे?" पोस्टमन.

"म्हणजे हेच. दोनच बटणं आहेत: दे आणि घे. दिलं की त्याचं झालं. पण माणसं काय नुसती देतात आणि घेतात? घराची किल्ली शेजारी ठेवतो ती काय दिलेली असते? पोर आजोळी ठेवतो ते काय दिलेलं असतं? तर तिसरं बटण काढा: ठेव. ज्याच्याकडे ठेवलं त्यानं सांभाळावं, खेळवावं, गाठ सोडवावी. धन्यानं हाक मारली की जनावर आपल्या पायांनी परत यावं. आणि सांभाळणाराही कोरडा राहू नये. त्या जनावराच्या अंगावर दोन नावं उमटावीत, एक धन्याचं, एक ज्यानं ठेव राखली त्याचं. नवी जनावरं नकोत, नवं रान नको. एवढा एक शब्द घाला. खेळ आपोआप मोठा होईल."

भाची लिहायची थांबली होती.

"बाईंचं पेन थांबलं," मी म्हणालो. "हॉलमध्ये टाचणी पडली असती तर दणका ऐकू आला असता. ज्यानं हा खेळ मुळात बनवला तो जनावरांचा जनक पडद्यामागून ऐकत होता, तो रडत रडत बाहेर आला आणि माझ्या पायांवर..."

"अहो," बायको म्हणाली.

"...हात जोडले त्यानं. लांबून. आणि तेवढ्यात मागच्या रांगेतून आवाज आला. बावीस वर्षांनी तो आवाज सरळ माझ्याशी बोलत होता. 'दिलेलं ते दिलेलं. बटणं लावून माणसं सुधारत नाहीत.' माझा साडू! तुझे बाबा! आणि लोक हसले. टाळ्या त्याला पडल्या. माझं बावीस वर्षांचं दुखणं मी भर सभेत मांडलं, आणि ज्यानं ते दिलं त्यानंच त्यावर विनोद केला. मी खाली बसलो."

"बाबा असं म्हणाले?" भाचीनं विचारलं. "नक्की? दिलेलं ते दिलेलं?"

"याच कानांनी ऐकलं."

"त्या दिवशी परत येताना बाबा गाडीत एक शब्द बोलले नाहीत," ती म्हणाली, जणू डायरीला सांगत होती. "तुम्ही मात्र गात होतात, काका."

"दुःखाची गाणी असतात की."

बाईंनी वचन दिलं होतं, ठेव येणार. मग गेल्या महिन्यात दहावी दावण आली. मी दुकानात सगळ्यांत आधी. घरी आणली, उघडली, एकेक बटण दाबून बघितलं. ठेव कुठंच नाही. त्याऐवजी काय, तर टोप्या. जनावरांना घालायच्या टोप्या, पाचशे तऱ्हेच्या! गोंड्याची टोपी, पिसाची टोपी. आम्ही जीव ओतून बोललो आणि त्यांनी आम्हालाच टोपी घातली. आणि बाराशेतली सहाशे जनावरं गायब. 'जागा नव्हती' म्हणे. पंचवीस वर्षं ज्यांनी एकही मागं ठेवू नका म्हणून आमच्याकडून रानं पालथी घालून घेतली, त्यांनी एका कागदावर सहाशे मागं ठेवली. ती दातांची बाई दुकानात उभी राहून यादी वाचत होती, बोट खाली सरकतंय, ओठ हलतायत. मयतांची यादी वाचावी तशी.

गाठोड्या मात्र वाचला होता. राहिलेल्यांच्या यादीत त्याचं नाव आहे. पण अट घातली: जुन्या डबीतलं जनावर रविवारी पाचच्या आत दुकानात आणून कंपनीच्या कुरणात चढवायचं. मग फाटक कायमचं बंद. आणि चढणार तेही फक्त मूळ धन्याच्या डबीतून. दुसऱ्याच्या डबीत असेल तर ते तिथंच राहणार, ती डबी मरेपर्यंत.

"म्हणजे साडूकडे राहून त्याच्याही उपयोगाचं नाही," पोस्टमन म्हणाले.

"काडीच्या उपयोगाचं नाही! ना खाता येत, ना सोडवतं. नुसतं धरून ठेवलंय. बावीस वर्षांत एकदा, फक्त एकदा म्हणायचं होतं, 'घे बाबा तुझं.' मी लगेच... म्हणजे मी लगेच माफ केलं असतं. आणि आता वर मुलीला पाठवतो, काकांकडे आहे म्हणून!"

"त्यांनी पाठवलं नाही. मागू नकोस म्हणाले."

"तेच ते. कावा."

भिंतीवरच्या घड्याळात साडेचारला पाच कमी होते. दुकान आमच्या घरापासून दहा मिनिटांवर. भाचीनं पर्समधून तिच्या बाबांची डबी काढली आणि टीपॉयवर ठेवली. जुनी पिवळट पडलेली डबी, कडेला चिकटपट्टी. बाजूला एक नवी वायर, घडी घालून. बायकोनं इस्त्रीचं बटण बंद केलं. आमच्या बेडरूमच्या कपाटाकडे तिनं एकदा बघितलं, मग माझ्याकडे. मी छताकडे बघितलं.

"काका, दोनच प्रश्न," भाची म्हणाली. कामावर याच आवाजात बोलत असणार. "'ठेव' टपावरून आलं. बरोबर?"

"टपावरूनच. वरच्यानं ठेव म्हणायचं कारणच काय? तो कुणाला म्हणणार, दोरांना?"

"म्हणजे जो टपावर, तो ठेव म्हणणारा. आणि त्याचंच जनावर वर गेलं होतं."

"त्याचंच. म्हणजे माझं."

"आणि टपावर तुम्ही होतात."

"मी म्हणजे? अगं, अजून झोपेत पाय दचकतो माझा!" मी उभा राहिलो, कारण हे बसून सांगण्यासारखं नव्हतं. "ग्रीसनं बुळबुळीत झालेलं ते टप, हा इथं गुडघा टेकलेला, हा हात दोराला, खाली अकरा मजल्यांचा काळोख आ वासून. आणि मी वाकून त्या काळोखात बघतो तर..."

"काका." तिनं डायरी मिटली. तिचा आवाज चढलेला नव्हता, पण पोस्टमननी पेपर गुंडाळून ठेवला. "रोज सकाळी तुम्ही आमच्याकडूनच बाबांबरोबर कामाला निघायचात, तुमचं आणि बाबांचं कामाचं ओळखपत्र आमच्या दारामागं एकाच खिळ्याला लटकलेलं असायचं. मला वाचायला यायला लागलं ते त्या दोन कार्डांवरून. बाबांच्या कार्डावर नुसता नंबर होता. तुमच्या कार्डावर लाल अक्षरांत एक ओळ जास्त होती, आणि त्यातला पहिला शब्द मला कळत नव्हता म्हणून मी आईला विचारला होता. 'भोवळ. टपावर चढण्यास मनाई.' वीस वर्षांत तुम्ही एकदाही टपावर गेला नाहीत, काका. टपावर बाबा होते. जीव त्यांचा चालला होता, 'ठेव' ते ओरडले, आणि तुम्ही त्यांचं जनावर ठेवून घेतलंत."